सोले आणि सोलं एकाच वाडग्यात: इलोइलोला मित्रांसोबत खायला जाताना

इलोइलोच्या ला पाझ भागातल्या बाजारात सकाळी साडेसातला आम्ही तिघांनी तीन मोठे वाडगे बाचोय, म्हणजे मांस घातलेलं नूडल्सचं सूप, मागवलं, तिथेच सहलीचा पहिला दिवस वाया गेला. चव उत्तम होती. पण वाडगा रिकामा होईपर्यंत पोट असं टम्म झालं की मोलोचा पान्सित, दुपारची काद्योसची आमटी, चार वाजताचं गोडधोड या सगळ्या गोष्टी समोर आल्या आणि आम्ही त्यांच्याकडे नुसते बघत बसलो. खाण्यासाठी म्हणून विमानाचं तिकीट काढायचं आणि नऊ वाजता पोटावर हात फिरवत हॉटेलात येऊन झोपायचं, यासारखा मूर्खपणा नाही. त्यामुळे या लेखातला पहिला नियम इथेच सांगतो: माणसं जितकी, त्याच्या निम्मे वाडगे. बाकी सगळं त्यानंतर.

इलोइलो हे फिलिपिन्समधल्या पनाय बेटावरचं नदीकाठचं जुनं शहर. ऑक्टोबर २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला पाककलेचं सर्जनशील शहर म्हणून निवडलं, आणि हा मान मिळालेलं ते फिलिपिन्सचं पहिलं शहर. आपल्याकडची मंडळी बहुतेक मनिला, सेबू, बोराकाय करून परत येतात. समुद्रात डुंबायचं असेल तर तेच करा. पण मित्रांचा कंपू खाण्यासाठीच निघाला असेल तर इलोइलो. शहर आटोपशीर आहे, एका खाण्याच्या ठिकाणाहून दुसरीकडे जायला टॅक्सीने फारसा वेळ लागत नाही, आणि पानात येणाऱ्या कितीतरी वस्तू आपल्या परसातल्याच निघतात. त्याबद्दल पुढे सविस्तर.

निघण्यापूर्वी

जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी हवं. पोहोचण्याआधीच्या ७२ तासांत सरकारचा ई-ट्रॅव्हल फॉर्म ऑनलाइन भरायचा. तो फुकट असतो, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या साइटवर एकदा नजर टाका.

मुंबईहून सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर किंवा हाँगकाँगमार्गे मनिला, आणि तिथून सव्वा तासाचं देशांतर्गत विमान, हा सरधोपट रस्ता. सिंगापूरहून थेट इलोइलोचं विमान सोयीच्या वारी मिळतंय का तेही बघा, मनिलाच्या विमानतळावरची टर्मिनल बदलण्याची धावपळ वाचते. इलोइलोचा विमानतळ शहरापासून साधारण १९ किलोमीटरवर आहे. घड्याळ आपल्या अडीच तास पुढे.

कधी जावं? डिसेंबर ते मे कोरडे महिने. जानेवारीच्या चौथ्या रविवारी दिनाग्यांग उत्सव असतो. तेव्हा शहर बघण्यासारखं असतं, पण हॉटेलं आधीच भरतात आणि प्रत्येक खानावळीसमोर रांग. खाण्यासाठीच जायचं तर तो आठवडा टाळा. आंब्याचा मोह असेल तर एप्रिल-मे.

कंपूची पत्रिका जुळवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग टेबलावर भांडतात. आम्ही पाचजण होतो. तिघे सर्वभक्षी, चौथा मालवणचा, त्याला मासे आणि कोंबडी चालते पण डुक्कर-गाय अजिबात नाही, आणि पाचवी मैत्रीण अंडं खाणारी शाकाहारी. जाण्यापूर्वीच एका कागदावर कोण काय खातं ते लिहून काढा. 'बघू तिथे गेल्यावर' हे उत्तर चालणार नाही, कारण इलोइलोत डुकराचं मांस हा पदार्थ कमी आणि फोडणी जास्त आहे. भाजीत त्याचे तुकडे, सुपात त्याची हाडं, वरून भुरभुरायला त्याच्याच तळलेल्या कातडीचा चुरा. त्याला चिचारोन म्हणतात.

गायीचं मांस कुठे लपलेलं असतं तेही ठाऊक हवं. बाचोयच्या वाडग्यात डुकरासोबत बहुधा गायीचं मांस आणि नळीतला मगजही असतो. 'नूडल्सच तर आहेत' म्हणून कुणाला आग्रह करू नका.

इंग्रजी जवळजवळ सगळ्यांना समजतं, त्यामुळे भाषेवाचून अडत नाही. तरी इथली बोली हिलिगायनोन आहे, तागालोग नाही, आणि तिच्यातले चार शब्द बोललात की समोरचा माणूस खुलतो. 'माय बाबोय इनी?' म्हणजे यात डुक्कर आहे का? 'वाला आको गाकाओन सांग बाबोय' म्हणजे मी डुक्कर खात नाही. मानोक म्हणजे कोंबडी, इस्दा म्हणजे मासा, बाका म्हणजे गायीचं मांस, उतान म्हणजे भाजी, कान-ओन म्हणजे भात. विनंतीला पालिहोग, आभाराला सालामात गिद. आणि सगळ्यात उपयोगी शब्द नामित, म्हणजे चविष्ट. 'नामित गिद!' असं घास घेता घेता म्हटलंत की आतून कुणीतरी डोकावून बघतंच. या लोकांच्या बोलण्याला एक मऊ, लांबवलेला हेल आहे. भांडतानाही ते लाडाने बोलतायत असं वाटतं, असं बाकीचे फिलिपिनो त्यांना चिडवतात.

कॉन्ट्रीचं पाकीट

एक पेसो साधारण दीड रुपयाच्या घरात धरा. पहिल्याच दिवशी प्रत्येकाने सारखी रक्कम काढून एकाच पाकिटात टाकायची आणि ते पाकीट हिशेबी माणसाकडे द्यायचं. आमच्यात बँकेत नोकरी करणारा एक होता, त्याला विचारायचीही गरज पडली नाही. खाण्याचं बिल त्या पाकिटातून, बाकी खरेदी ज्याची त्याने. शाकाहारी माणसाची कॉन्ट्री कमी ठेवा. तिच्या वाट्याला भात आणि केळी येणार आणि तिने तुमच्या खेकड्याचे पैसे भरायचे, हे बरं दिसत नाही.

बाजारात आणि छोट्या खानावळीत रोकडच चालते. स्थानिक लोक फोनवरून जीकॅशने पैसे देतात, पाहुण्याला ते सहज जमत नाही. एटीएम परदेशी कार्डावर दरवेळी साधारण अडीचशे पेसो कापतं, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा आणि हजाराच्या नोटा मॉलमध्ये किंवा मोठ्या दुकानात मोडून घ्या. वाडगाभर बाचोयसाठी हजाराची नोट पुढे केलीत तर बाई सुट्ट्यासाठी चार दुकानं फिरून येते आणि तुम्ही अपराध्यासारखे बसून राहता.

बाजारातला बाचोयचा वाडगा शंभर-दीडशे पेसोच्या आसपास, भातासकट भाजलेली कोंबडी दीडशे-दोनशे, आणि समुद्रकाठची मासळीची मेजवानी कंपूने केली तर माणशी चारशे ते सहाशे. दारू वेगळी.

सकाळ: ला पाझचा बाजार

बाचोय खायचं ते ला पाझ भागातल्या बाजारातच. नेटोंग्ज आणि डेकोज ही नावं तिथे कुणीही सांगेल. टेड्जचं पहिलं दुकानही १९४५ साली याच भागात सुरू झालं, आता त्याच्या शाखा शहरभर आहेत. पदार्थाच्या जन्माच्या कथा अनेक आहेत. त्यातली जास्त ऐकू येणारी म्हणजे १९३८ च्या सुमारास इथल्याच एका खाटकाने उरलेसुरले तुकडे रश्श्यात टाकून हे रूप दिलं.

गल्ल्याशेजारी नाही, वाडगे भरणाऱ्या माणसाच्या समोरच्या बाकावर बसा. तो मिकी नावाच्या पिवळसर नूडल्सची मूठ जाळीच्या झाऱ्यात घेतो, उकळत्या पाण्यात दोनदा बुचकळतो, झटकतो आणि वाडग्यात उपडी करतो. त्यावर काळीज, आतडं आणि मांस यांचे पातळ काप. मग तळलेला लसूण, पातीचा कांदा, मूठभर चिचारोन. शेवटी मोठ्या पातेल्यातला रस्सा उंचावरून ओततो, तसा चिचारोन चर्र करतो आणि वरच्या वर मऊ पडायला लागतो. या रश्श्याला हाडांइतकीच चव असते गिनामोसची, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची. आपल्याकडे सुक्या जवळ्याचा वास ज्यांना घर आठवून देतो त्यांना हा वाडगा पहिल्या घोटातच आपला वाटेल. ज्यांना तो वास सोसत नाही त्यांनी दुसऱ्याच्या वाडग्यातला एक चमचा आधी चाखावा.

रस्सा संपला की बहुतेक ठिकाणी पुन्हा फुकट वाढतात. पण मागावा लागतो. सोबत पानदेसाल हा मऊ पाव किंवा तांदळाचा वाफवलेला पुतो घ्या आणि बुडवून खा. आणि पुन्हा सांगतो: तिघांत दीड वाडगा, म्हणजे एक मोठा आणि एक छोटा.

शाकाहारी मैत्रिणीला या वेळी काय? बाजारातच कॉफी, पुतो आणि इबोस. इबोस म्हणजे नारळाच्या दुधात भिजवलेला चिकट तांदूळ झावळीच्या पात्यात गुंडाळून शिजवलेला. पान सोडायचं, साखरेत बुडवायचं. नारळीभाताचा दूरचा भाऊ म्हणा. तिने दोन खाल्ले आणि आमच्या वाडग्यांकडे ढुंकून पाहिलं नाही.

खाऊन झाल्यावर लगेच टॅक्सी पकडू नका. बाजाराच्या भाजीच्या गल्लीत जा, कारण दुपारच्या जेवणाची ओळख तिथेच होते.

दुपार: आपलाच परसू

भाजीवालीच्या टोपलीत हिरवी, गोल, लिंबाएवढी फळं दिसली. तिला नाव विचारलं तर म्हणाली, बातवान. एक फोडून हातात दिलं. मालवणच्या मित्राने जीभ लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, "अरे, ह्या तर आमच्या रातांब्याचा भावंड." तो चुकला नव्हता. वनस्पतिशास्त्रात कोकम आणि बातवान दोन्ही गार्सिनिया याच वंशातले. आपण रातांब्याची साल वाळवून आमसुलं करतो, इलोइलोचे लोक बातवान हिरवंच अख्खं भांड्यात टाकतात, मऊ झाल्यावर पळीने ठेचतात. चिंच-लिंबापेक्षा हा आंबटपणा गोलसर, मागाहून येणारा. आमसुलासारखाच.

त्याच गल्लीत काद्योस मिळतात. काद्योस म्हणजे चक्क तूर. दाणे काळसर जांभळे, शेंगा ओल्या किंवा दाणे सुके. आणि शेजारी कच्चा फणस, लांगका. आता या तिन्हींची गाठ घाला. काद्योस, बाबोय, लांगका असं या पदार्थाचं नाव, सगळे केबीएल म्हणतात. तुरीचे दाणे, डुकराचं मांस, कच्च्या फणसाचे तुकडे आणि आंबटाला बातवान. काळ्या दाण्यांमुळे रस्सा करडा-जांभळा होतो. दिसायला काही खास नाही, फोटोत तर मुळीच नाही. मात्र एका घासात तुरीचा पिठूळपणा, फणसाच्या धाग्यांचा चावा आणि मागून कोकमी आंबट येतं. विदर्भातला माणूस तुरीच्या दाण्यांना सोले म्हणतो, कोकणातला माणूस आमसुलांना सोलं म्हणतो. हे सोले आणि ती सोलं मी एका भांड्यात पहिल्यांदा चाखली ती महाराष्ट्राबाहेर, पार पॅसिफिकच्या कडेला.

डुक्कर नको असेल तर याचीच कोंबडीची आवृत्ती मागा. काद्योस, मानोक आणि उबाद. उबाद म्हणजे केळीचा गाभा, बारीक चिरलेला. गावठी कोंबडी आणि केळीचा गाभा, गवती चहाची काडी मोडून घातलेली. मालवणच्या मित्राने हे दोनदा मागवलं. पनाय बेटाच्या गावठी कोंबडीला दाराग म्हणतात. मांस घट्ट असतं, ब्रॉयलरच्या सवयीच्या दातांना जरा कष्ट.

हे पदार्थ चकचकीत हॉटेलात फारसे मिळत नाहीत. कारिंदेर्या नावाच्या खानावळी शोधा. काचेच्या कपाटात किंवा झाकलेल्या पातेल्यांत दिवसाचं जेवण मांडलेलं असतं. झाकण उचलून बघायचं, बोट दाखवायचं, वाटी समोर येते. नाव माहीत नसलं तरी काम भागतं. इथेही पाच जणांत तीन वाट्या आणि प्रत्येकाला भात. साडेअकरा ते साडेबारा हीच वेळ. दोन वाजता गेलात तर पातेल्यांचे तळ दिसतात. आणि गडद चॉकलेटी रंगाची आमटी दिसली तर बोट दाखवण्याआधी विचारा. ती दिनुगुआन, म्हणजे डुकराच्या रक्तातली.

लास्वा ही आणखी एक गोष्ट जरूर मागा. भोपळा, भेंडी, वांगं, दोडका, पालेभाजी पाण्यातच उकडलेली, तेल-मसाला काही नाही. दोन दिवसांच्या मांसाहारानंतर हा पातळ रस्सा पोटाला शहाणं करतो. त्यात कोळंबी किंवा सुकी मासळी असते, तेव्हा शाकाहाऱ्याने 'पासायान नको', म्हणजे कोळंबी नको, असं आधीच सांगून ठेवावं. ताजी करत असतील तरच जमतं.

तिसरा प्रहर: मोलो आणि हारो

चारच्या सुमाराच्या खाण्याला मेरिएन्दा म्हणतात आणि ते लोक ते जेवणाइतकंच मनावर घेतात.

मोलो हा पूर्वी चिनी वस्तीचा भाग. १८३१ साली बांधून झालेलं तिथलं चर्च आत जाऊन बघा, खांबांवर सगळ्या संत स्त्रियाच आहेत. मग जवळच पान्सित मोलो. पान्सित म्हणजे एरवी नूडल्स, पण यात एकही नूडल नाही. कोंबडीच्या रश्श्यात डुकराच्या किंवा कोळंबीच्या सारणाच्या इवल्या पुरचुंड्या, पातळ पारीच्या झालरी मोकळ्या सुटलेल्या, वरून लसूण. दोघांत एक वाडगा पुरे.

हारो या दुसऱ्या भागात कॅथेड्रलच्या परिसरात बेकऱ्या आहेत. बिस्कोचो हाउसचा बिस्कोचो म्हणजे शिळा पाव लोणी-साखर लावून कडक भाजलेला. चहात बुडवायला इराण्याच्या टोस्टची आठवण येते, पण हा जास्त श्रीमंत. तिथलंच बटरस्कॉच ऑफिसात वाटायला घ्या. रस्त्यावर पांढऱ्या कागदाच्या पुडीत पिनासुग्बो मिळतो. केळ्याचे लांब काप तळून साखरेच्या पाकात घोळवलेले, वर तीळ. तो दाताला चिकटतो. कॅप असलेल्यांनी जपून.

संध्याकाळ: इनासाल

फिलिपिनो लोक लवकर जेवतात. साडेसहाला खानावळी भरतात, साडेआठनंतर निवडीचे तुकडे संपतात. आपल्यासारखं नऊ वाजता 'काय करायचं रे?' म्हणत बाहेर पडलात तर पंख तेवढे उरतात.

इनासाल म्हणजे काडीला टोचून कोळशावर भाजलेली कोंबडी. आलं, लसूण, गवती चहा, व्हिनेगर आणि कालामान्सी हे छोटं लिंबू, यात मुरवलेली. भाजणारा माणूस गवती चहाची जाड काडी ठेचून तिचाच कुंचला करतो आणि केशरी तेल पुन्हा पुन्हा फासतो. तो रंग अचुएतेच्या बियांचा, तिखटाचा नाही. प्रत्येक थेंबाला निखारा भडकतो, धूर वर येतो, आणि तुमचे कपडे परत येईपर्यंत त्याच वासाचे राहतात. मागताना भाग सांगायचा. पा-आ म्हणजे तंगडी आणि मांडी, पेचो म्हणजे पंखासकट छाती. पहिल्यांदा पा-आच घ्या, छाती कोरडी होते.

भातावर ओतायला टेबलावर कोंबडीचं केशरी तेल असतं. सोबत एका वाटीत कालामान्सी पिळा, सोया सॉस घाला आणि सिनामाक घाला. सिनामाक हे इलोइलोचं खरं रत्न. नारळाच्या ताडीच्या व्हिनेगरमध्ये मिरच्या, आलं, लसूण बाटलीभर मुरवलेले. तिखटाची आपली हौस इथे भागते, कारण बाकीचं जेवण तिखट नसतंच.

या कोंबडीवरून इलोइलो आणि समोरच्या बेटावरचं बाकोलोद यांच्यात जुना वाद आहे. बाकोलोदचे लोक इनासाल आपलाच मानतात. मांग इनासाल ही देशभर पसरलेली साखळी मात्र २००३ मध्ये इलोइलोत सुरू झाली. हवा तेवढा भात ही तिची युक्ती गाजली आणि २०१० मध्ये जॉलिबी या फिलिपिनो फास्ट फूड कंपनीने तिचा मोठा हिस्सा विकत घेतला. चौथा दिवस हाताशी असेल तर जलद बोटीने बाकोलोदला जाऊन तुलना करून या. नसेल तर वादात पडू नका.

हाताने जेवायला लाजू नका. अशा खानावळीत हात धुवायची बेसिनं त्यासाठीच असतात. एरवी उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा अशी पद्धत. सुरी क्वचितच.

एक रात्र समुद्रकाठी

अरेवालोच्या व्हिया भागात किनाऱ्याला लागून मासळीच्या खानावळी आहेत. तातोय्ज मानोकान हे तिथलं जुनं नाव, गावठी कोंबडीसाठीही प्रसिद्ध. मासळी बर्फावर मांडलेली असते. इथे सौदा नीट करा. आमच्या फजितीवरून सांगतो: एका ठिकाणी आम्ही खेकडे बोटाने दाखवले, वजन कुणी बघितलं नाही, आणि बिलात अडीच किलो निघाले. भांडायला पुरावा काय होता?

म्हणून क्रम असा ठेवा. आधी किलोचा भाव विचारा. मग वजन डोळ्यांसमोर करून घ्या आणि फोनवर काट्याचा फोटो काढा. शिजवण्याचे पैसे वेगळे आहेत का ते विचारा. मग पद्धत सांगा: सिनुग्बा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं, तिनोला म्हणजे गवती चहाचं पातळ सूप, किनिलाव म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला कच्चा मासा. कोळंबीला पासायान, खेकड्याला कासाग म्हणतात. मानागात हा तांबोशीच्या जातकुळीतला मासा मिळाला तर डोकं-शेपटी सुपाला आणि मधला भाग भाजायला द्या. एका माशात दोन पदार्थ होतात, हे मालवणच्या मित्राने सुचवलं आणि आचारी खूश झाला.

तालाबा, म्हणजे कालवं, इथे स्वस्त आणि मुबलक. वाफवून ढीगभर आणून ओततात, सिनामाकसोबत फस्त करायची. दोन गोष्टी पाळा. समुद्रात रेड टाइड, म्हणजे विषारी शैवालाची लाट, असेल तेव्हा मत्स्य विभाग शिंपल्यांवर बंदी जाहीर करतो, त्या दिवसांत कालवं नको. आणि पहिल्या रात्री कच्ची नको, पोटाला जागेची सवय होऊ द्या. दिवाल या पांढऱ्या लांबट शिंपल्या मिळाल्या तर मात्र भाव न विचारता निदान एक ताट घ्या. बरं, भाव विचारा, पण घ्या.

शाकाहारी माणसाचं काय होतं

खरं सांगायचं तर हाल होतात. 'मांस नको' म्हटलं की 'मग चिकन?' असं प्रेमाने विचारतात. माशाचा सॉस आणि जवळा तर मांसात मोजलाच जात नाही. त्यामुळे नाही-नाहीची यादी देण्यापेक्षा हवं ते सांगा: भात, अंड्याचं ऑम्लेट, वांग्याचं भरीत अंड्यात घोळवून तळलेलं तोर्तांग तालोंग, नुसत्या तेल-लसणात परतलेली भाजी. शुक्रवारी खानावळीत मोंगो असतात. नाव ऐकूनच ओळख पटते, आपले मूगच. कॅथलिक लोक शुक्रवारी मांस टाळत, त्यातून ही चाल पडली. तरीही सुकी मासळी घातली आहे का ते विचाराच. गोडात तुरोन, म्हणजे केळं पारीत गुंडाळून तळलेलं, आणि गरम तोफूवर गुळाचा पाक घातलेला ताहो.

आमच्या मैत्रिणीने घरून मेतकूट आणि लोणचं आणलं होतं. तिसऱ्या दिवशी ते आम्हीच संपवलं.

आंब्याची सकाळ

इलोइलोच्या धक्क्यावरून पंप बोटीने वीसेक मिनिटांत गिमारास बेट येतं. इथला आंबा फिलिपिन्सभर गाजलेला. बेटावर बाहेरचा आंबा न्यायला बंदी आहे, म्हणजे त्यांच्या झाडांना कीड लागू नये. पिशवीत आंबा असेल तर बोटीत चढण्याआधीच खाऊन टाका. हापूसशी तुलना केली तर भांडण होईल, आणि आमच्यात झालंच. माझं मत: गोडी त्यांची जास्त, सुगंध आपला. रेषा मात्र त्यांच्यातही नाही.

बिल, शिष्टाचार, परतीची पिशवी

वाढणाऱ्या वयस्कर माणसाला 'नोंग', बाईला 'नांग', तरुण पोराला 'तोतो', मुलीला 'दाय' अशी हाक मारतात. आपल्या काका-मावशीसारखंच. चुटकी वाजवून बोलावू नका. बिल हवं असेल तर दोन्ही तर्जन्यांनी हवेत एक चौकोन काढायचा, लांबूनही कळतं. तोंडाने 'बिल आउट'. दहा टक्के सेवाशुल्क बिलात लावलेलं असेल तर वेगळी टीप नको, नसेल तर सुटे ठेवा. शेजारच्या टेबलावरून कुणी 'काओन ता' म्हणालं, म्हणजे या जेवायला, तर ते बहुधा सौजन्य असतं. हसून सालामात म्हणायचं.

परतताना सिनामाकची बाटली घ्याच, पण झाकणावर चिकटपट्टी, दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि चेक-इनच्या बॅगेत मधोमध, कपड्यांच्या घडीत. केबिन बॅगेत घेतलीत तर सुरक्षा तपासणीत जाईल. आमच्या हिशेबी मित्राने पिशवी एकच वापरली. बॅग उघडली तेव्हा त्याचे तिन्ही शर्ट आंबट झाले होते, आणि एक मिरची खिशात सापडली.